चैत्राची सुपारी

फाल्गुन लागला की रावेतमधल्या विजेच्या खांबांवर फ्लेक्स चढायला लागतात. वर विठ्ठल-रुक्मिणी, दोन बाजूंना ज्ञानोबा-तुकोबा, मधोमध ठसठशीत अक्षरांत ‘अखंड हरिनाम सप्ताह’ आणि त्याखाली दिवसाचा सगळा कार्यक्रम: पहाटे चार ते सहा काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, मग गाथा भजन, चार वाजता प्रवचन, सहाला हरिपाठ, रात्री हरिकीर्तन आणि त्यानंतर जागर. सात रात्रींच्या सात कीर्तनकारांची नावं, आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन, तळाशी पंगती घालणाऱ्या अन्नदात्यांची लांबलचक यादी. शेजारच्याच खांबावर टू-बीएचकेची जाहिरात असते. गृहप्रकल्पाचं नाव इंग्रजी आणि त्याच्या पत्त्यात मात्र किवळे, पुनावळे, ताथवडे, मामुर्डी.

रावेत हे पवनेच्या काठचं गाव. पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं पवनेचं पाणी महापालिका इथल्याच बंधाऱ्यावरून उचलते, निगडीला शुद्ध करते आणि शहरभर पाठवते. 1997 साली आसपासच्या गावांबरोबर रावेतही महापालिकेत आलं. एका अंगाला द्रुतगती मार्ग सुरू होतो, दुसऱ्या अंगाने बंगळूर महामार्ग जातो, आकुर्डीचं रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांत शेताच्या बांधांवर मजल्यांवर मजले चढले. बास्केट ब्रिजवरून संध्याकाळी नजर टाकली तर खिडक्यांचे दिवेच दिवे दिसतात. त्या दिव्यांआड जळगाव, लातूर, अकोला, सोलापूर इथून आलेली, पाटणा-कोलकात्याहून आलेली माणसं राहतात. आणि या सगळ्यांच्या मधोमध, चार गल्ल्यांचं का होईना, जुनं गावठाण आहे, गावचं देऊळ आहे आणि गावकी आहे.

पिंपरी-चिंचवड म्हणजे कारखाने, इथे संस्कृती कसली, असं पुण्यातली माणसं पूर्वी उघड बोलत आणि आता मनात म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर संगीताचा हंगाम म्हणजे डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव असतो. त्या महोत्सवाबद्दल मला नितांत आदर आहे. पण या औद्योगिक पट्ट्याचा गाण्या-वाजवण्याचा हंगाम थंडीत नसतो. तो फाल्गुनात सुरू होतो, चैत्रात ऐन भरात येतो आणि वैशाखी पौर्णिमेला उतरतो. देहूपासून चाकणपर्यंत आणि हिंजवडीपासून मोशीपर्यंत या दोन-अडीच महिन्यांत गावोगाव जेवढं गायलं-वाजवलं जातं, तेवढं उरलेल्या वर्षात मिळून होत नसेल. या हंगामाला तिकीट नाही, पास नाही, पहिली रांग पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली नाही. तो उभा राहतो वर्गणीवर आणि गावकीने दिलेल्या सुपारीवर.

सुरुवात सप्ताहापासूनच करायला हवी, कारण बाकीचं सगळं रात्र-दोन रात्रींचं असतं आणि सप्ताह सात दिवस रात्रंदिवस चालतो. त्यातला ‘अखंड’ हा शब्द नुसता मिरवायला नाही. सप्ताह बसला की वीणा उभी राहते आणि काल्यापर्यंत ती खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा आधी वीणेच्या पाया पडतो, मग देणाऱ्याच्या, आणि देणाराही त्याच्या. पहाऱ्याची यादी देवळाच्या भिंतीला डकवलेली असते. दुपारचे पहारे म्हाताऱ्या माणसांकडे. रात्री बाराच्या पुढचे पहारे कोणाकडे, हे पाहिलं की या पट्ट्याची ओळख पटते. सेकंड शिफ्ट सुटून आलेले कामगार डबा घरी ठेवतात, हातपाय धुतात आणि वीणा घेतात. दिवसभर प्रेस शॉपच्या दणदणाटात उभा असलेला माणूस मध्यरात्री रिकाम्या मंडपात नाम घेत उभा असतो. समोर चार-दोन झोपलेली माणसं, एक कुत्रं आणि दूर महामार्गावरच्या ट्रकांचा आवाज. श्रोता नसताना चालणारं हे गायन मला त्या सगळ्या सप्ताहाचा कणा वाटतं.

रात्रीच्या कीर्तनाचं अंग वेगळं. कीर्तनकार मध्यभागी, मागे गायनाचार्य, दोन्ही हातांना टाळकऱ्यांच्या रांगा, एका बाजूला पखवाज. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापतात. त्या कणकेच्या वजनावर खर्जाचा तो घुमारा अवलंबून असतो. चैत्रातल्या उकाड्यात कणीक लवकर सुकते, म्हणून पखवाजी शेजारी पाण्याची वाटी ठेवतो आणि कीर्तनकार दृष्टान्तात रंगलेला असताना गुपचूप बोट ओलं करून कणकेवरून फिरवतो, थोडी काढतो, थोडी लावतो, तळव्याने एक ठोका देऊन अंदाज घेतो. समोरच्या हजार माणसांचं लक्ष कीर्तनकाराकडे असतं. मला या बोटाकडे बघत बसायला आवडतं. पुढच्या चालीला सगळे टाळ एकदम उठतात तेव्हा त्या कणकेचं माप बरोबर होतं की नाही ते कळतं.

हे टाळकरी कोण असतात? गावातलेच. कुणी आळंदीत वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं राहून आलेला, कुणी वडिलांच्या मांडीवर बसून चाली उचललेला. एकाच अभंगाला चार-चार चाली येणारी, राग ओळखणारी, पण स्वतःला कधी गायक न म्हणवणारी ही माणसं आहेत. त्यांचं शिक्षण दर एकादशीच्या भजनात होतं आणि परीक्षा सप्ताहात. अलीकडे कीर्तनकारांची नावं मोठी झाली, त्यांच्या तारखा वर्षवर्ष आधी घ्याव्या लागतात, मानधनाचे आकडे चर्चेचा विषय होतात. मोठं नाव असलं की गर्दी होते हे खरं. पण सप्ताहाचं बजेट एका रात्रीच्या नावावर खर्च होतं आणि गावातल्या पखवाजीच्या हातावर नारळ ठेवला जातो, तिथे मला राग येतो. सात रात्री आणि आठवा दिवस तोच पखवाजी वाजवत असतो.

सप्ताहांची ही परंपरा इथे इतकी घट्ट का, याचं उत्तर भूगोलात आहे. रावेतपासून देहू दहा-बारा किलोमीटर. देहूरोडच्या पलीकडे घोराडेश्वराचा डोंगर, देहूच्या अंगाला भंडारा, चाकणकडे भामचंद्र. तुकोबा एकांतासाठी ज्या तीन डोंगरांवर जात असं वारकरी सांगतात, ते तिन्ही आज कारखान्यांनी आणि महामार्गांनी वेढलेले आहेत. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूत तुकाराम बीज, म्हणजे तुकोबांच्या वैकुंठगमनाचा दिवस असतो. आदल्या रात्रीपासून रस्ते माणसांनी वाहू लागतात. आसपासच्या गावांच्या दिंड्या पायी निघतात. देहूरोडच्या वाहनांच्या गर्दीतून पताका पुढे सरकत असतात. इंद्रायणीच्या काठी गोपाळपुऱ्यात वैकुंठगमन मंदिराजवळ नांदुरकीचं झाड आहे. सकाळी पालखी तिथे येते, कीर्तन सुरू होतं आणि भर दुपारी बारा वाजता, उन्हाचा कहर असताना, लाखो माणसं तुळशीपत्रं आणि फुलं झाडाच्या दिशेने उधळतात. त्या क्षणी नांदुरकी हलते अशी श्रद्धा आहे. 2025 साली या बिजेला 375 वर्षं झाली. झाड हलतं का, हा वाद मला घालायचा नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की दुपारी बाराला लागणारा तो सूर कुठल्याही ध्वनिवर्धकाच्या आधाराशिवाय एवढ्या माणसांच्या गळ्यांतून एका पट्टीत येतो. सात दिवस ज्यांनी आपापल्या गावात हरिपाठ म्हटलेला असतो, त्यांचाच तो आवाज असतो.

बीज झाली की गावांच्या यात्रा लागतात. बहुतेक गावांचा ग्रामदैवताचा उत्सव चैत्रात, आणि त्यातही हनुमान जयंतीच्या आगेमागे. पहाटे अभिषेक, मांडव-डहाळे, नैवेद्य, रात्री पालखीचा छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांना जेवणाचं आमंत्रण जातं. शेती गेली, गुंठे विकले गेले, भावाभावांत कोर्टकज्जे झाले, तरी यात्रेच्या दिवशी पालखीला खांदा द्यायला सगळी घरं येतात. आखाड्यात आधी लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या लागतात, जिंकणाऱ्याला खरोखरच रेवड्या मिळतात. मग इनामाचे आकडे वाढत वाढत शेवटची मानाची कुस्ती. हे सगळं हलगीच्या तालावर. दोन पैलवान एकमेकांभोवती फिरत असतात तेव्हा हलगीवाला ठेका मंद ठेवतो आणि पट लागला की काड्या अशा काही तडतडतात, की डोळे मिटले तरी आखाड्यात काय झालं ते समजावं. हलगीवाल्याचं नाव फ्लेक्सवर कधी छापलं जात नाही. ते छापलं जायला हवं.

आणि यात्रेची रात्र म्हणजे तमाशा. पुणे-नाशिक महामार्गाने भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर असं जात राहिलं की नारायणगाव लागतं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत गादी, टेलिफोनची जागा आता मोबाइलने घेतलेली आणि समोर कोरा रोजमेळ. गावोगावचे कारभारी येतात, चार राहुट्या फिरतात, यंदा फडात कोण नवीन आहे ते विचारतात, भाव तुटेपर्यंत चहा होतो आणि सुपारी ठरते. राज्यातल्या लोककलेचा एवढा उघडा बाजार दुसरीकडे नसेल. फडांचा हंगाम दसऱ्याला नारळ फुटून सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेला संपतो. पण त्यात आधीचे महिने तंबूचे, म्हणजे तिकीट लावून, पाऊस-थंडी सोसून, तोट्यात जाण्याची भीती बाळगून काढायचे. खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या सुपाऱ्यांची. शंभरेक माणसांचा संसार, ट्रक, जनरेटर, सावकाराची उचल, हे सगळं या मोजक्या रात्रींवर फेडायचं असतं.

याच नारायणगावच्या विठाबाई. जन्म 1935 चा, निधन जानेवारी 2002 मधलं, आणि 1957 व 1990 अशी दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली कलावंत. प्रयोग चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही त्यांची हकीकत तमाशाच्या दुनियेत आजही सांगितली जाते. ती ऐकताना लोक थक्क होतात, टाळ्या वाजवतात. मला मात्र दर वेळी वाटतं, की त्या रात्री ‘आज खेळ थांबवा’ म्हणणारं समोर कुणी नव्हतं, हेही त्या हकिकतीत सांगायला हवं. त्यांची कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे स्वतःचा फड उभा केला. संगमनेरकडच्या कांताबाई सातारकर यांनीही बाईमाणसाने फड चालवण्याचा असाच धडा घालून दिला. त्या मे 2021 मध्ये करोनात गेल्या.

सुपारीचा तमाशा पाहायचा तर हजेरीपर्यंत थांबावं लागतं. रात्री गण होतो, गणपतीचं स्तवन. मग गवळण, तिच्यात कृष्ण, पेंद्या आणि पुरुषानेच रंगवलेली मावशी. मग बतावणी, दोघांची शब्दांची झटापट. त्यानंतर रंगबाजी आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणं, कडी, झांज, आणि मागे झीलकऱ्यांचा वरच्या पट्टीतला आवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर उन्हात पुन्हा वाद्यं निघतात. रात्रीचा रंग पुसलेले चेहरे, झोप न झालेले डोळे आणि गावकऱ्यांची फर्माईश. ही हजेरी. रात्री दिव्यांत आणि ध्वनियंत्रणेत जे झाकलं जातं, ते इथे झाकत नाही. ढोलकी जवळून ऐकू येते, गळ्याची ताकद कळते आणि जुनी लावणी विचारणारा एखादा म्हातारा भेटला तर कलावंतही खुलतात.

पण वग आता शेवटच्या घटका मोजतो आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, वर्षातले मोजके पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. नियम योग्य आहे. रुग्ण, परीक्षेची मुलं, शिफ्टचे कामगार यांना झोप हवीच. मात्र पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा खेळ आता दोन-अडीच तासांत बसवायचा, तर फड काय कापणार? वगच कापतो. हिंदी-मराठी सिनेमाच्या गाण्यांची रंगबाजी राहते, कारण पोरं त्यासाठी आलेली असतात. हळूहळू गावकीही म्हणते, मग ऑर्केस्ट्राच आणू, डान्सचा कार्यक्रमच ठेवू, स्वस्तात पडतो आणि गर्दीही होते. वगात बोलणारा राजा, प्रधान, शिपाई, सोंगाड्या यांची हजरजबाबी मराठी, गावच्या पुढाऱ्याला समोर बसवून चिमटा काढण्याची हिंमत, हे सगळं मग कुणाला पुन्हा शिकायला मिळणार?

2020 चा गुढीपाडवा 25 मार्चला होता. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. ज्या दिवशी नारायणगावला सुपाऱ्यांची सर्वांत मोठी उलाढाल व्हायची, त्याच दिवशी रस्ता ओस पडला. पुढचं वर्षही तसंच गेलं. सलग दोन चैत्र हातचे गेल्यावर फड कसे तगले असतील याची कल्पना करवत नाही.

हनुमान जयंतीच्या दिवशी हिंजवडी-वाकड रस्त्यावर जे घडतं, ते आयटी पार्कमध्ये नव्याने नोकरीला आलेल्या माणसाला चक्रावून टाकतं. म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला निघतं. बगाडासाठी लागणारं लाकूड मुळशीच्या जंगलातून आधीच आणलेलं असतं. उंच खांबावर आडवं लाकूड, त्याच्या टोकाला गळकरी. मान ठरलेल्या घराण्याचा, त्यातला कोण ते देवाचा कौल सांगतो अशी गावाची धारणा. वाहतूक वळवलेली असते, काचेच्या इमारतींच्या रांगेतून गुलाल-भंडारा उधळत, ढोल-लेझीम खेळत हजारो माणसं चालत असतात. पाठीला गळ टोचण्यावर आक्षेप घेतले गेले आहेत आणि मला ते आक्षेप पटतात. माणसाच्या देहाला इजा न करताही बगाडाचा मान राखता येईल, आणि तो विचार गावातल्याच तरुणांनी पुढे न्यावा असं मनापासून वाटतं. पण दोन गावांनी एक देव वाटून घ्यायचा आणि त्याच्यासाठी वर्षातून एकदा एकमेकांच्या शिवेत वाजतगाजत जायचं, ही रीत मात्र जपण्यासारखी आहे. आता त्या दोन गावांच्या मध्ये शीव कुठली ते दाखवता येत नाही. बगाडाच्या दिवशी ती कळते.

यात्रेचा आणखी एक आवाज म्हणजे घाटावरचा निवेदक. पुणे जिल्ह्यात बैलगाडा चढाच्या घाटात पळतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि निवेदकाच्या तोंडून ‘भिर्रर्र’ निघेपर्यंत बारी संपलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये शर्यतींवर बंदी घातली. राज्याने 2017 साली कायदा बदलला, तोही अडकला. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं घाट मुके होते, म्हणजे निवेदकही मुके होते. बैलाचं नाव, मालकाचं नाव, गाव, सेकंद, आणि त्यात पेरलेल्या यमकांची ती अखंड बडबड ही एक तोंडी कलाच आहे. बैलाला चाबूक लागू नये, शेपटी पिरगाळली जाऊ नये, ही अट मला कायद्याइतकीच बैलाच्या मायेपोटीही हवी आहे. बक्षिसांना जेसीबी आणि चारचाकी गाड्या लावण्याची चढाओढ मात्र थांबली तर बरं. गावच्या घाटात गावचा बैल पळावा एवढी साधी गोष्ट त्यात हरवते.

चैत्राच्या या हंगामात एप्रिलचे पाच दिवस पिंपरीचे असतात. 11 एप्रिल महात्मा फुल्यांची जयंती, 14 एप्रिल बाबासाहेबांची. पिंपरीत बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ महापालिकेतर्फे विचार प्रबोधन पर्व भरतं, व्याख्यानं, परिसंवाद आणि रात्री भीमगीतं, शाहिरी, कव्वाली. सत्यशोधक जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत आलेली ही परंपरा आहे. वामनदादा कर्डक 2004 साली गेले, पण त्यांच्या रचना गाणाऱ्या गायन पार्ट्या या पट्ट्यातल्या वस्त्यावस्त्यांत आहेत. कंपनीत फिटर, संध्याकाळी हार्मोनियमवर. दोन पार्ट्यांचा सामना लागला की एकाने टाकलेल्या प्रश्नाला दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यायचं. ते उत्तर इतिहासातलं हवं, तारखेनिशी हवं, नाहीतर समोरचे श्रोते गप्प बसत नाहीत. मी पाहिलेल्या श्रोत्यांमध्ये एवढा जाणकार श्रोता दुसरा नाही. रावेतपासून जवळच्या देहूरोडला 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली होती. जयंतीच्या रात्री गायला उभा राहणारा इथला माणूस हे सांगितल्याशिवाय पहिलं गाणं सुरू करत नाही, आणि ते अगदी रास्त आहे.

फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेले सिंधी लोक याच सुमारास चेटीचंडला झुलेलालची मिरवणूक काढतात. रावेतच्या इस्कॉन मंदिरात फाल्गुनी पौर्णिमेला गौरपौर्णिमेचं संकीर्तन असतं, तिथे मृदंग बंगाली घाटाचा, पण टाळांच्या गजरात पाय आपोआप पावलीवर पडतात. आकुर्डीच्या गुरुद्वाऱ्यात बैसाखीला शबद-कीर्तन. महापालिकेचा स्वरसागर महोत्सव शास्त्रीय संगीतासाठी आहे, पवनाथडी जत्रा बचत गटांच्या महिलांसाठी. पवनाथडी हे नाव ज्याने सुचवलं त्याला दाद द्यावीशी वाटते. पवनेच्या थडीची ओळख शहराच्या कागदोपत्री त्याने टिकवली. याच दिवसांत ती पवना जलपर्णीने हिरवीगार झाकलेली असते, हे तिच्या नावाने जत्रा भरवणाऱ्यांनी विसरू नये.

कारखान्यांच्या शहराने आपला वसंत कसा साजरा करावा याचं एक उदाहरण भूमध्य समुद्राच्या काठी आहे. स्पेनमधल्या वालेन्सिया शहराच्या दक्षिणेला अल्मुसाफेस इथे फोर्ड कंपनीचा मोटारींचा कारखाना 1976 पासून आहे. आपल्या चाकणसारखाच तो पट्टा. त्या शहरात 1 ते 19 मार्च फायास नावाचा उत्सव चालतो. रोज दुपारी दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात फटाक्यांचा ताल धरला जातो, गल्लीगल्लीत कागद-लाकडाचे प्रचंड पुतळे उभे राहतात, त्यांत पुढाऱ्यांची आणि प्रसिद्ध माणसांची टर उडवलेली असते, आणि 19 तारखेच्या रात्री ते सगळे जाळून टाकतात. सुतारांनी हिवाळा सरताना उरलेलं लाकूड पेटवण्यातून ही रीत आली असं तिथे सांगतात. आपली होळी फार लांब नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. शहरात मोहल्ल्यांच्या शेकडो समित्या आहेत, त्या वर्षभर वर्गणी गोळा करतात आणि प्रत्येक समिती उत्सवासाठी वाजंत्र्यांचा एक बँड ठरवते. ते बँड आसपासच्या गावांतल्या संगीत मंडळांचे असतात. मार्चमध्ये मिळालेल्या या सुपाऱ्यांमुळे गावाकडची मंडळं नव्या पोरांना वाद्य शिकवू शकतात. 2016 साली युनेस्कोने हा उत्सव मानवतेच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. मार्च 2020 मध्ये तिथलेही पुतळे अर्धवट उभे असताना उत्सव थांबला आणि मग सप्टेंबर 2021 मध्ये उरकावा लागला. नारायणगावच्या फडमालकाला आणि वालेन्सियाच्या कर्णेवाल्याला तो मार्च सारखाच आठवत असणार.

तिथली नगरपालिका हा हंगाम शहराचा मानते. आपल्याकडे तो अजून ‘गावाचा’ आहे, आणि शहर त्याला परवानगी देतं किंवा नाकारतं एवढंच. चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृह. जानेवारी 2024 मध्ये शंभरावं नाट्यसंमेलन या शहराने थाटात भरवलं. मग वर्षातून एकदा, दहाच्या आत संपणारा, पूर्ण वगाचा तमाशा या नाट्यगृहांत सन्मानाने का होऊ नये? सायंकाळी सहाला गण सुरू झाला तर दहापर्यंत वग व्यवस्थित बसतो. फडाला सुपारी महापालिकेने द्यावी आणि राहुटीवर जाऊनच द्यावी. भीमगीतांच्या पार्ट्यांना, हलगीवाल्यांना, पखवाजींना नाव छापून मानधन मिळावं. नव्या गृहप्रकल्पाचा आराखडा मंजूर करताना गावच्या देवळापुढचं पटांगण आणि छबिन्याची वाट मोकळी राहते का हेही बघितलं जावं. पटांगण गेलं की हजेरी जाते, आखाडा जातो, मंडप रस्त्यावर येतो आणि मग रस्ता अडवला म्हणून तक्रार करणारेही आपणच असतो.

सोसायट्यांतली माणसं यापासून लांब राहतात असा गावाचा समज आहे, आणि गाव आपल्याला बोलावत नाही असा सोसायट्यांचा. दोन्हींत थोडं तथ्य आहे. पण बारकाईने पाहिलं तर सप्ताहाच्या हरिपाठात नव्या चेहऱ्यांची भर पडताना दिसते. लातूर-परभणीकडच्या माणसाला टाळ कसा धरायचा हे शिकवावं लागत नाही. त्याच्या गावाकडचा सप्ताह त्याच्याशिवाय चाललेला असतो, म्हणून तो इथल्या मंडपात येऊन उभा राहतो. बायका तर आधीच पोहोचलेल्या असतात. पारायणाला बसलेल्यांत त्याच जास्त, आणि एकमेकींच्या माहेरची चौकशी करता करता दोन इमारतींची ओळख पोथीवर होते. महाप्रसादाच्या पंगतीत बसलेल्याला वाढपी कुठल्या फेजमध्ये राहता ते विचारत नाही.

काल्याच्या दिवशी कीर्तन दुपारी बाराला संपतं, दहीहंडी फुटते, लाह्या-दही हातावर पडतं आणि सात दिवस उभी असलेली वीणा खाली ठेवली जाते. त्यानंतर पंगती बसण्याआधी बऱ्याच गावांत एक काम लगेच उरकून घेतात. वही निघते आणि पुढच्या वर्षीचे पहारे आणि पंगती लिहून घेतल्या जातात. पहिली नावं जुन्या घरांची असतात, त्यांच्या पंगती पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या. अलीकडे त्यांच्या खाली सोसायट्यांची नावं यायला लागली आहेत, विंग आणि फ्लॅट नंबरासकट.